अँबेसेडरचा डिस्ट्रिब्युटर: पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर बदलल्याची नोंद

वडिलांच्या 1976 सालच्या अँबेसेडर मार्क 3 चे ब्रेक आणि कार्ब्युरेटर यांचे काम उन्हाळ्यातच पूर्ण झाले होते. तरीही कात्रजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मिसिंग करीत असे आणि इंजिन तापले की ते वाढत असे. डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाची) कॅप काढली तेव्हा पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, एका तोंडावर खड्डा आणि समोरच्या तोंडावर उंचवटा दिसला. असा उंचवटा तयार झाला की फिलर गेजची (बारीक अंतर मोजायच्या साधनाची) पाती त्याच्या टोकाला टेकते आणि प्रत्यक्ष अंतर गेजच्या आकड्यापेक्षा जास्त असते. पॉलिश पेपर मारून काही दिवस काढता आले असते, पण इग्निशनचे हे सगळेच भाग जुने असल्यामुळे पॉइंट, कंडेन्सर, रोटर (कॅपच्या आत फिरून स्पार्क पुढे देणारा भाग) आणि कॅप असा पूर्ण संच नाना पेठेतून आणला.

हे इंजिन 1489 सीसीचे, मूळ मॉरिस ऑक्सफर्डबरोबर आलेले बीएमसीचे बी सिरीज इंजिन आहे आणि माझ्या गाडीवर लुकास 25 डी 4 धर्तीचा डिस्ट्रिब्युटर आहे. फायरिंगचा (सिलिंडरांत स्पार्क पडण्याचा) क्रम 1-3-4-2, रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि पॉइंटचे अंतर 0.014 ते 0.016 इंच, म्हणजे सुमारे 0.35 ते 0.40 मिमी ठेवायचे असते.

पहिला रविवार

बॅटरीची वायर सोडून प्रथम प्लगच्या चारही वायरींना चिकटपट्टीवर क्रमांक घालून लावले. चारही प्लग काढून ठेवले, म्हणजे इंजिन हँडलने हलक्या हाताने फिरते. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर पहिला. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि मुलाला हँडल सावकाश फिरवायला सांगितले. अंगठ्याखालून हवा जोराने सुटू लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक सुरू झाला असे समजावे. तेथून पुलीची खाच टायमिंग कव्हरवरच्या काट्यांजवळ आणली आणि रोटरचे तोंड कॅपमधील पहिल्या वायरच्या खुणेकडे असल्याची खात्री केली. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा क्लॅम्प या टप्प्यावर मुळीच ढिला केला नाही, कारण फक्त पॉइंट आणि कंडेन्सर बदलण्यासाठी त्याची गरज नसते आणि जुने टायमिंग (स्पार्क पडण्याची नेमकी वेळ) ही आपल्या हाताशी असलेली एकमेव संदर्भाची खूण असते.

पॉइंट बसवताना सर्वांत जास्त काळजी त्या लहानशा खांबाची घ्यावी लागते, ज्यावर पॉइंटच्या पातीचे टोक, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून (प्लगसाठी जास्त दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाकडून) येणारी वायर अशी तिन्ही एकत्र येतात. ही तिन्ही एकमेकांना टेकलेली हवीत, परंतु खांबाला मात्र त्यांचा स्पर्श होता कामा नये. म्हणून मध्ये प्लास्टिकची बाही आणि पातीच्या खाली फायबरचा वॉशर असतो. माझ्या हातून नेमका तो वॉशर जुन्या पॉइंटला चिकटून डब्यात गेला. सगळे बसवून, बॅटरी परत जोडून तपासणीचा दिवा कॉइलकडून येणारी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये लावला, इग्निशन चालू केले, हँडल फिरवले. पॉइंट डोळ्यांदेखत उघडत होते, पण दिवा एकदाही लागला नाही. पॉइंट बंद असताना करंट त्यांच्यातून थेट बॉडीला जातो म्हणून दिवा विझलेला राहतो आणि ते उघडताच लागतो. उघडूनही तो लागत नसेल, तर करंटला बॉडीला जाण्याची दुसरी वाट सापडलेली असते. जुना पॉइंट डब्यातून काढून उलटा केला तेव्हा तेलाने काळा पडलेला, नखाएवढा वॉशर त्याच्या बुडाशी सापडला. तो बसवताच दिवा लागला.

त्यानंतर कॅमच्या (शाफ्टवरच्या, पॉइंट उघडणाऱ्या भागाच्या) चारपैकी एका उंच टोकावर पॉइंटची टाच आणून 0.38 मिमीचे गेज, त्यावरचे तेल पुसून, सरकवले. पाती किंचित घासत जाते पण पॉइंट हलत नाही, इतपत अंतर ठेवून स्क्रू आवळला. स्क्रू आवळताना अंतर हमखास बदलते, त्यामुळे आवळल्यानंतर पुन्हा मोजले आणि तीन प्रयत्नांनंतर ते जमले. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात, रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब आणि पॉइंटच्या खिळीवर एक थेंब, इतके पुरते. तेल पॉइंटच्या तोंडावर गेले तर ते जळून काळे पडतात.

दुसरा रविवार

नवा कंडेन्सर बसवल्यावर पॉइंटमधली निळी ठिणगी जवळजवळ दिसेनाशी झाली, म्हणजे तो आपले काम करीत आहे. पॉइंट उघडतानाचा करंट कंडेन्सर क्षणभर सामावून घेतो, म्हणूनच कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळते आणि प्लगला जोरदार स्पार्क मिळतो.

नव्या रोटरने मात्र अर्धा दिवस घेतला. तो बसवल्यावर इंजिन कसेबसे सुरू झाले आणि पाच मिनिटांत बंद पडले. जुना रोटर लावला की चालत होते. तेव्हा रोटरचीच परीक्षा घेतली: कॅप काढून ठेवली, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळेपासून सुमारे 3 मिमी वर धरली आणि इग्निशन चालू ठेवून पॉइंट कोरड्या लाकडी काडीने उघडले. एखादी फिकट ठिणगी समजण्यासारखी असते, पण येथे प्रत्येक वेळी भक्कम स्पार्क रोटरवर पडत होता, याचा अर्थ करंट रोटरच्या आरपार शाफ्टमध्ये उतरत होता. पितळेची पट्टी रिव्हेटने बसवलेली होती आणि रिव्हेटचे खालचे टोक शाफ्टच्या अगदी जवळ आले होते. दुसऱ्या दुकानातून रिव्हेट नसलेला, पट्टी ओतीव पद्धतीने पक्की केलेला रोटर आणला आणि बसवण्यापूर्वीच त्याची तीच परीक्षा घेतली. सगळे भाग एकाच वेळी बदलले असते, तर दोष कोणात आहे हे ओळखायला किती रविवार गेले असते हे सांगता येत नाही. जुने भाग म्हणूनच अजून फेकलेले नाहीत.

कॅपमधील मधला कार्बन ब्रश बोटाने दाबून स्प्रिंग मोकळी असल्याचे पाहिले आणि वायरी क्रमांकांनुसार लावल्या. सरते शेवटी टायमिंग केले. हा क्रम बदलून चालत नाही, कारण पॉइंटचे अंतर वाढले की स्पार्क लवकर आणि कमी झाले की उशिरा पडतो; आधी टायमिंग लावून नंतर अंतर बदलले तर ते सगळे वाया जाते. पुलीची खाच पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणली, क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि दिवा लागला त्याच क्षणी तो थांबवून क्लॅम्प आवळला. ड्वेल (कॅम फिरताना पॉइंट किती अंश बंद राहतात तो आकडा) मीटरने 59 अंश दाखवला. या डिस्ट्रिब्युटरसाठी 60 च्या मागेपुढे 3 अंश चालतात.

पुढील महिना

कात्रजचा चढ आता तिसऱ्या गिअरमध्ये एकदाही न अडखळता होतो. सुमारे 500 किमी चालल्यावर कॅप पुन्हा उघडली. पॉइंटची दोन्ही तोंडे सारखी करडी होती, परंतु नवी टाच कॅमवर घासून बसल्यामुळे अंतर 0.38 वरून 0.33 मिमीवर आले होते आणि ड्वेल 63 वर गेला होता. अंतर पुन्हा 0.38 केले, टायमिंग दिव्याने परत तपासले आणि खाच एका अंशाने सरकलेली आढळली, तीही जागेवर आणली.