एन-४००: फाइल नेमकी कुठे अडकली आहे?

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा ‘एन-४००’ हा अर्ज भरला की यूएससीआयएसच्या (नागरिकत्व आणि स्थलांतराचं काम पाहणाऱ्या सरकारी विभागाच्या) संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात एक ओळ येते: अर्ज मिळाला, काम चालू आहे. मग ती ओळ महिनोन्महिने हलत नाही. मागून अर्ज केलेल्या शेजाऱ्याची नागरिकत्वाची शपथसुद्धा होऊन जाते आणि आपण रोज सकाळी उठून तीच ओळ वाचत बसतो. अशा वेळी ‘कधी होईल?’ असं विचारून काही हाती लागत नाही, कारण त्याचं उत्तर फोनवरच्या माणसालाही ठाऊक नसतं. ‘फाइल कुठे आहे?’ असं विचारलं तर उत्तर मिळू शकतं, आणि उपायही त्या उत्तरावरच ठरतो.

सुरुवात अर्जाच्या तारखेपासून. ग्रीन कार्डाला ५ वर्षं पूर्ण व्हायच्या जास्तीत जास्त ९० दिवस आधी अर्ज करता येतो. अमेरिकन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत राहत असाल तर ५ ऐवजी ३ वर्षं. ९१ दिवस आधी केलेला अर्ज नामंजूर होतो आणि भरलेले पैसे परत येत नाहीत. १ एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर पडतात. म्हणून हिशेबाने येणाऱ्या पहिल्या तारखेनंतर चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. या अर्जाला जादा पैसे भरून काम लवकर करून घ्यायची सोय नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळची ती सवय इथे विसरायची.

पावती आली की ती जपून ठेवा. १२ डिसेंबर २०२२ पासून या पावतीमुळे ग्रीन कार्डाची मुदत आपोआप २४ महिने वाढते. कार्डावरची तारीख उलटून गेली असेल तर प्रवासात कार्ड आणि छापील पावती दोन्ही जवळ हवीत. परतीच्या विमानाच्या काउंटरवर मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालत बसायची वेळ येऊ देऊ नका.

पहिली अडचण तपासणीची. एफबीआय दोन गोष्टी पाहते: बोटांचे ठसे आणि नाव. त्यांचं पक्कं उत्तर आल्याशिवाय मुलाखत घेता येत नाही, तसा नियमच आहे. ठशांचा निकाल बहुतेक वेळा पटकन येतो, पण तो १५ महिनेच चालतो. मुलाखत त्यापुढे गेली तर ठसे पुन्हा द्यावे लागतात. ठशांची तारीख चुकवली आणि आधी कळवलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

नावाची तपासणी जास्त चिवट असते, आणि आपल्या मराठी नावांची तर खासच. रोमन लिपीत जोशी शेवटी ‘आय’ लावून लिहायचं की डबल ‘ई’? क्षीरसागरमध्ये ‘आय’ की डबल ‘ई’? दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि जुन्या व्हिसावर तिसरंच, असं सर्रास असतं. त्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे मधल्या रकान्यात, कुठे पहिल्या नावाला जोडून. लग्नानंतर ज्यांचं पहिलं नावही बदललं, त्यांची तर कागदोपत्री दोन माणसंच होतात. अर्जात ‘आजवर वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो. लोक तो रिकामा सोडतात, आणि जुन्या फाइलमध्ये दुसरं नाव सापडलं की मुलाखतीत प्रश्न निघतो. माहेरचं नाव, प्रत्येक सरकारी कागदावरचं वेगळं स्पेलिंग, पासपोर्टवर आडनाव नसल्यामुळे चिकटलेलं ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही), सगळं तिथे लिहा. तपासणी थोडी लांबली तरी चालेल, पण मागाहून सापडलेल्या नावाचा खुलासा देत बसणं फार महागात पडतं.

दुसरी अडचण खुद्द कागदाची. प्रत्येकाची ए-फाइल, म्हणजे स्थलांतराच्या सगळ्या कागदांची सरकारी फाइल, असते, आणि जुन्या ग्रीन कार्डवाल्यांची ती अनेकदा अजूनही कागदी असते. कॅन्सस सिटीच्या आसपास चुनखडीच्या जुन्या खाणींत सरकारी दस्तऐवजांची भुयारी कोठारं आहेत. अशा कोठारांतून फाइल काढून स्थानिक कार्यालयात पाठवावी लागते. कोविडच्या काळात तिथलं काम बंद पडलं आणि तपासणी पूर्ण झालेले, बाकी काहीही शिल्लक नसलेले अर्जसुद्धा निव्वळ फाइल हाती न आल्यामुळे थांबले. मुलाखतीची तारीख येते आणि ‘अनपेक्षित कारणामुळे रद्द’ असं पत्र येतं, तेव्हा बरेचदा फाइल पोचलेली नसते किंवा तपासणीचा एखादा धागा राहिलेला असतो. त्या पत्रावरून अर्ज बिघडला असा अर्थ काढू नका. नवी तारीख ते स्वतःहून देतात. तुम्ही स्वतः मात्र शक्यतो तारीख बदलून मागू नका. मुलाखतीला न कळवता गैरहजर राहिलात आणि ३० दिवसांत कारणही दिलं नाहीत, तर अर्ज बासनात जातो. तो पुन्हा उघडायला एक वर्ष मिळतं.

वाट पाहण्याच्या काळात घर बदललंत तर १० दिवसांत यूएससीआयएसला पत्ता कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. टपाल खात्याकडे पत्ता बदलून ठेवला म्हणजे काम झालं असं समजू नका, ती दोन वेगळी खाती आहेत. आणि दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत गेलात तर फाइलही तिकडे जाते आणि तिथल्या रांगेत उभी राहते. घर बदलणं महिना-दोन महिने पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

भारतात जाऊन यायला हरकत नाही. आई-वडील आजारी असतील तर जाच, अर्जासाठी थांबू नका. फक्त बाहेरचा एक मुक्काम ६ महिन्यांवर गेला की नागरिकत्वासाठी लागणारं अमेरिकेतलं सलग वास्तव्य मोडलं असं गृहीत धरतात आणि तसं नव्हतं हे पुराव्यानिशी दाखवणं तुमच्यावर येतं. घराचं भाडं, चालू नोकरी, इथेच राहिलेलं कुटुंब, कराचे कागद हा तो पुरावा. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर वास्तव्य मोडलंच. हा नियम अर्ज दिल्यावर संपत नाही, शपथेच्या दिवसापर्यंत लागू राहतो. प्रत्येक जाण्या-येण्याची तारीख वहीत टिपून ठेवा, मुलाखतीत ती विचारतात.

मुलाखतीत नागरिकशास्त्राची कोणती परीक्षा द्यायची हे अर्जाच्या तारखेवर ठरतं, मुलाखतीच्या नव्हे. २० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे केलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यांतले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. त्याआधीच्या अर्जांना १०० प्रश्नांची जुनी यादी, १० पैकी ६.

नेहमीचा कालावधी उलटून गेला की आधी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरून चौकशी नोंदवा. ठरीव उत्तर आलं तर तुमच्या मतदारसंघातल्या खासदाराच्या कार्यालयात जा. तुम्हाला मत देता येत नसलं तरी ते मदत करतात. तुमच्या सहीचं संमतीपत्र मात्र द्यावं लागतं. त्यात ‘कृपया लवकर करा’ असं मोघम लिहू नका. तीन प्रश्न विचारा: एफबीआयचं उत्तर आलं का, ए-फाइल स्थानिक कार्यालयात पोचली का, मुलाखतीच्या रांगेत नाव लागलं का. खासदार निर्णय बदलू शकत नाही, पण या तीन प्रश्नांची उत्तरं आणू शकतो.

मुलाखतीनंतरची दिरंगाई मात्र वेगळी, आणि तिथे तुमच्या हातात खरा कायदा आहे. मुलाखत संपली की एन-६५२ हा कागद देतात. त्यावर मंजुरीची शिफारस, फेरपरीक्षा किंवा ‘निर्णय आत्ता देता येत नाही’ यांपैकी एका चौकटीत खूण असते. त्या कागदावरची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून १२० दिवस मोजा. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर फेडरल जिल्हा न्यायालयात जाता येतं. न्यायालय स्वतः निकाल देऊ शकतं किंवा सूचना देऊन प्रकरण परत पाठवतं. सरकारी बाजूला उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात, आणि बरीच प्रकरणं त्या ६० दिवसांतच हलतात. न्यायालयाचं शुल्क ४०५ डॉलर, वकिलाचं वेगळं. मुलाखतीआधी अडकलेल्या अर्जासाठीही दावा करता येतो, पण तिथे १२० दिवसांसारखी ठरलेली मुदत नाही, ‘अवाजवी उशीर’ सिद्ध करावा लागतो. म्हणून मुलाखत होईपर्यंत पत्रव्यवहारावर भर द्यावा आणि मुलाखतीनंतर १२१ व्या दिवशी वकिलाला फोन करायला कचरू नये.

शपथेसाठी रखडण्याचं एक कारण आपण स्वतः ओढवून घेतो. अर्जात नाव बदलून मागितलं तर ते बदलायचा अधिकार न्यायालयालाच आहे, त्यामुळे न्यायाधीशांसमोरच्या शपथविधीची वाट पाहावी लागते. काही शहरांत अशा तारखा क्वचितच निघतात. घाई असेल तर नाव राज्याच्या न्यायालयातून वेगळं बदलून घेतलेलं बरं.

शपथेच्या पत्रामागे प्रश्न असतात: मुलाखतीनंतर देशाबाहेर गेलात का, दंड झाला का, लग्न झालं का. ते त्याच दिवशी भरा, आदल्या आठवड्यात नको. प्रमाणपत्र हातात आलं की खुर्चीवरून उठायच्या आधी नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर वाचा. चूक तिथेच दाखवली तर निस्तरणं सोपं, घरी आल्यावर लक्षात आली तर नवा अर्ज आणि नवी रांग.

आणि आता ज्याचा विचार फार कमी लोक आधी करतात ते. शपथेच्या वेळी ग्रीन कार्ड परत घेतात. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवरही प्रवास करता येत नाही. अमेरिकन पासपोर्ट येईपर्यंत हातात प्रवासाचा एकही कागद नसतो. त्यानंतरही भारतात जायला व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) लागतं, आणि ओसीआयसाठी आधी भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला. घरातल्या लग्नाची तिकिटं शपथेच्या आसपास काढू नका. निघणं टळत नसेल तर पासपोर्टच्या अर्जासोबत ६० डॉलर जादा भरून तातडीची सेवा घ्या. अर्जाला मूळ प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ते देण्याआधी त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. नवा पासपोर्ट एका पाकिटात येतो आणि प्रमाणपत्र दुसऱ्या पाकिटात, बहुधा मागाहून. पुढची कामं तोवर त्या प्रतींवर सुरू करता येतात.