फ्रिजची जागा आणि कलम 342

मुलुंडच्या आमच्या घरात स्वयंपाकघराचे काम काढले, तेव्हा कंत्राटदाराने पहिल्याच भेटीत सांगून टाकले की घराच्या आतल्या कामाला महापालिकेची परवानगी लागत नाही. मुंबईत हे वाक्य इतक्या सहजपणे म्हटले जाते की ते अर्धेच खरे आहे, याची शंकाही कोणाला येत नाही.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 नुसार इमारतीत भर घालायची किंवा फेरफार, दुरुस्ती करायची असेल, तर आयुक्तांना आधी सूचना द्यावी लागते. त्यातून फक्त ‘टेनंटेबल रिपेअर्स’, म्हणजे घर राहण्याजोगे ठेवण्यासाठी करावी लागणारी किरकोळ दुरुस्ती, वगळलेली आहे. प्लास्टर, रंग, लादी, नळ, सांडपाण्याचे पाइप, संडास-मोरीची डागडुजी आणि छपराचे जुने साहित्य काढून त्याच प्रकारचे नवे घालणे, हे सगळे त्या सवलतीत बसते. परंतु बांधकामाची आडवी-उभी मापे बदलली, किंवा भार पेलणारा एखादा भाग काढला वा बदलला, की सवलत संपते. काम घरात चालले आहे की बाहेर, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

आम्हाला स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली साडेचार इंची भिंत काढायची होती. कंत्राटदाराने तिच्यावर टकटक करून ‘नुसते पार्टिशन आहे’ असा निर्वाळा दिला; मी मात्र सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशा शोधून काढला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले. भिंतीबद्दल कंत्राटदाराचेच म्हणणे बरोबर निघाले. पण फ्रिज नीट बसावा म्हणून ओट्याजवळचा जो कोपरा तो ‘दोन इंच छिलून’ देणार होता, तो कॉलम, म्हणजे इमारतीचा भार पेलणारा खांब होता. आमची इमारत आरसीसी, म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभी आहे, म्हणून भिंतीचे निभावले. गिरगाव-दादरकडच्या अनेक जुन्या इमारतींत भिंतीच भार पेलतात, त्यामुळे तिथे टकटक करून काहीच ठरवता येत नाही.

भिंत काढणे हा फेरफारच, किरकोळ दुरुस्ती नव्हे; म्हणून त्यानंतर आर्किटेक्टमार्फत नकाशा, इंजिनिअरचा दाखला आणि सोसायटीचे ना हरकत पत्र जोडून वॉर्ड ऑफिसात अर्ज केला. सोसायटीचे पत्र म्हणजेच परवानगी, अशी आमच्या मजल्यावर दोघा-तिघांची समजूत होती. सोसायटी फक्त आपली हरकत नसल्याचे कळवते. कायद्याने द्यायची परवानगी देण्याचा अधिकार तिला नाही. अर्ज कोणाकडे करायचा, हेही जागेनुसार बदलते: म्हाडाच्या वसाहतींसाठी 2018 पासून म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए).

नव्या इमारतीची वाट मात्र वेगळी आणि लांब असते. त्या वाटेवरचा पहिला महत्त्वाचा कागद ‘आयओडी’ (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल), आणि त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘नामंजुरीची सूचना’ असा होतो. अटी पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव नामंजूर, असा त्यामागचा तर्क आहे. तरीही हा कागद हाती पडल्यावर पेढे वाटले जातात, याचे मला नेहमी हसू येते. नुसत्या आयओडीवर बांधकाम सुरू करता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खालील प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे ‘सीसी’ लागते, जे बहुधा आधी जोत्यापर्यंतच मिळते. आणि राहायला जाण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र.

सर्वाधिक फसगत बाल्कनी आणि फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेर रोपांसाठी काढलेला कठडा, यांच्या बाबतीत होते. खिडकी बाहेर सरकवून फ्लॉवर बेड खोलीत घेतला की क्षेत्रफळ वाढते आणि प्रश्न थेट एफएसआयचा, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते त्या मर्यादेचा होतो, मग तिथे रोपाच्या कुंड्या असोत की मुलांचा पलंग. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घर विकायला काढले, तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाने मंजूर नकाशा मागितला आणि वीस वर्षांपूर्वी आत घेतलेल्या अडीच फुटांवर व्यवहार अडला.

आमची भिंत रीतसर परवानगीने निघाली. कॉलम आहे तिथेच आहे, आणि फ्रिज हॉलमध्ये.