ओझरची धावपट्टी आणि अडखळणारे चित्र

ओझरहून उड्डाण करून गंगापूर धरणावरून त्र्यंबकच्या डोंगरांकडे वळेपर्यंत संगणकावरचे माझे विमान-सिम्युलेटर सुरळीत चालत असे. मुंबईच्या इमारती दिसू लागल्या, की मात्र चित्र अडखळे. दोष ग्राफिक्स कार्डाचा असे गृहीत धरून मी नवे कार्ड घेण्याच्या बेतात होतो. सुदैवाने त्याआधी प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, तयार व्हायला लागणारा वेळ दाखवणारी खिडकी उघडली आणि कार्ड चक्क रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत असल्याचे दिसले.

अशा वेळी रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील पिक्सेलची संख्या, कमी करून फारसे काही साधत नाही, कारण पिक्सेल रंगवणे हे कार्डाचे काम आहे. भूभागाचा तपशील किती अंतरापर्यंत दाखवायचा आणि आसपास किती विमाने व वाहने असावीत, याचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. म्हणून मी तपशिलाचे अंतर निम्म्यावर आणले आणि विमानतळावरील वर्दळ घटवली. ढगांना हात लावला नाही. ब्रह्मगिरीवर उतरणारे पावसाळी ढग मला सोडवत नाहीत.

बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय) बंद असल्याने ३२०० वेगाची रॅम २१३३ वर चालत होती, हा माझाच निष्काळजीपणा. शेवटी फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या, ३० वर बांधला. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या, मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम मग ३३.३ मिलिसेकंद, म्हणजे नेमकी दोन आवर्तने टिकते, आणि २८ ते ४५ मध्ये हेलकावणाऱ्या दरापेक्षा ते डोळ्यांना कितीतरी सुखद वाटते.