मान्यतेच्या परिच्छेदातली एक ओळ

केंद्रीय मंत्रिमंडळासमोर जाणाऱ्या नोटबद्दल, म्हणजे मंत्रालयाच्या प्रस्तावाबद्दल, बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. मान्यता मिळते ती शेवटच्या परिच्छेदाला. वर पानंच्या पानं लिहा; 'मान्यतेसाठी' म्हणून जे मागितलं नाही, ते मिळालं नाही. इतिवृत्तातही उतरतो तो निर्णय, चर्चा नाही.

त्या दुपारी आमच्याकडे, मंत्रिमंडळ सचिवालयात, दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची एक नोट तपासायला होती. विषय सांगता येणार नाही. वित्त आणि विधी मंत्रालयांचे अभिप्राय, मंत्र्यांची मान्यता, सहसचिवांची सही, परिशिष्टात अंमलबजावणीचं वेळापत्रक, सगळं जागच्या जागी. परिच्छेद 11 मध्ये योजनेसाठी नवी पदं, त्यांना वित्तचा होकार. मात्र इंग्रजी प्रतीच्या मान्यतेच्या परिच्छेदात पदांचं नाव नाही. हिंदी प्रत उघडली, तर तिथे (घ) म्हणून ती ओळ ठाण मांडून बसलेली!

असं होतं, कारण वेळ वाचवायला हिंदी अनुवाद जुन्या मसुद्यावरूनच उरकतात. मग अभिप्राय येतात, इंग्रजी बदलत जाते, हिंदीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. इतक्या वर्षांत ही खोड गेलेली नाही. म्हणजे ती ओळ आधी होती, मग गेली. राहून गेली, की काढली?

नोट पाठवणाऱ्या मंत्रालयात फोन लावला. सहसचिव म्हणाले, "अहो, तुम्हीच टाका ना एक ओळ."

कशी टाकणार? नोट त्यांची, मान्यता त्यांच्या मंत्र्यांची. आम्ही त्रुटी दाखवायची, शब्द घालायचा नाही. मंत्री दौऱ्यावर होते. मग फर्माईश आली, "नियम 12 लावा." केंद्र सरकारच्या 1961 च्या कामकाज नियमांतला हा नियम पंतप्रधानांना नियमांतून सूट देऊ देतो. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती त्याच्याच आधारे. मंत्रिमंडळाची मान्यता नंतर. मसुद्यातला ढिसाळपणा झाकायला तो नाही, आणि तेही आम्ही परस्पर ठरवायचं नसतं.

विषय कार्यक्रमपत्रिकेवरून उतरला. पलीकडची नाराजी फोनवरूनही कळत होती.

सुधारित नोट आली. आता दोन्ही प्रती जुळत होत्या: हिंदीतली (घ) काढून टाकली होती. परिच्छेद 11 मात्र जसाच्या तसा, पदांसकट. पुन्हा फोन केला. "मान्यतेत आहे तेवढंच मागायचंय," एवढंच उत्तर मिळालं.