घर विकण्याआधी वंशावळ काढा

घर विकायचं ठरलं की गोव्यातला माणूस पहिल्यांदा रंगाऱ्याला बोलावतो, मग दलालाला. कौलं फिरवून होतात, आंगणातलं रान काढून होतं, तुळशीवृंदावनाला नवा रंग लागतो, मोबाइलवर फोटो निघतात. कागदांचं विचारलं की उत्तर येतं, "तें मागीर पळोवया," म्हणजे ते नंतर बघू. ती वेळ येते गिऱ्हाइकानं आगाऊ रक्कम दिल्यावर, त्याच्या वकिलाची यादी आली की. यादी वाचून घरमालक असा काही दुखावतो, जणू कोणी त्याच्या आजोबांवरच संशय घेतलाय.

माझी उभी नोकरी म्हापशात वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करण्यात गेली. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. निवृत्त झालो तरी नात्यागोत्यातली माणसं फायली काखोटीला मारून घरी येतात. मी वकील नव्हे हे आधी सांगतो, ते मान डोलावतात आणि फाइल उघडतात.

चतुर्थीला भाचा इंग्लंडहून आला होता. स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेली आपली किती माणसं त्या गावात आहेत हे गोव्यात वेगळं सांगायला नको. त्याच्यासमोर मी याच विषयावर कुरकुरत होतो, तर म्हणाला, "मामा, मी 2009 मध्ये पहिलं घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यानंच मला फाइल दिली होती. कायदाच होता तसा."

होता, हे महत्त्वाचं. त्याचं नाव होम इन्फर्मेशन पॅक, तिथली माणसं नुसतं 'हिप' म्हणत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या हाऊसिंग ॲक्टनं ठरवलं की घर बाजारात आणणाऱ्यानं माहितीची फाइल स्वतःच्या खर्चानं तयार करायची. 1 ऑगस्ट 2007 पासून चार किंवा जास्त बेडरूमच्या घरांना सक्ती झाली, सप्टेंबरात तीन बेडरूमवाल्यांना, आणि 14 डिसेंबरपासून सगळ्यांना. आत लँड रजिस्ट्रीतला मालकीचा पुरावा, स्थानिक पालिकेच्या नोंदींची तपासणी, पाणी आणि सांडपाण्याची तपासणी, आणि घराला ऊर्जा किती लागते त्याचा दाखला. तिकडे करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कोणीही तोंडी सौद्यातून अंग काढून घेऊ शकतो. शिवाय विकणारा बहुधा दुसरीकडे घेणाराही असतो, म्हणजे एकाचा सौदा फिसकटला की त्याच्यामागचे चार लटकतात. कागद आधीच तयार असले तर हे कमी होईल, असा हिशेब होता. हिशेब वाईट नव्हता.

पण फाइलमधला सगळ्यांत कामाचा कागद त्यांनी सक्ती सुरू होण्याआधीच, जुलै 2006 मध्ये, ऐच्छिक करून टाकला. तो म्हणजे घराच्या स्थितीचा अहवाल: छप्पर गळतं का, भिंतीला ओल आहे का, लाकूड कुजलंय का. घेणाऱ्याला हेच तर हवं असतं. खोबरं काढून घेतलं आणि करवंटी सक्तीची केली. हा अहवाल लिहिण्यासाठी पदरचे पैसे मोडून शिकलेले इन्स्पेक्टर बसून राहिले ते वेगळंच. उरलेल्या कागदांवर घेणाऱ्यांचे वकील आणि बँका पुरता भरवसा ठेवीनात, पुष्कळदा त्याच तपासण्या पुन्हा करायला लावत. विकणाऱ्याचे तीनचारशे पौंड जात आणि घेणाऱ्याचे वाचत नसत. त्यात 2008 ची मंदी आली. मे 2010 मध्ये सरकार बदललं आणि नव्या मंत्र्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या, 21 मेपासून, सक्ती थांबवली. 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टनं ती कायद्यातूनही गेली. मागे राहिला तो ऊर्जेचा दाखला.

भाच्याला विचारलं, फाइलचा तुला उपयोग काय झाला? म्हणाला, "खरं सांगू? मी ती उघडलीच नाही. वकिलानं उघडली आणि आपल्या तपासण्या वेगळ्या मागवल्या."

स्कॉटलंडनं मात्र तीच कल्पना नीट राबवली. तिथे 1 डिसेंबर 2008 पासून होम रिपोर्ट आहे आणि तो आजही चालतो. सर्व्हेअर घराची पाहणी करून दुरुस्त्या आणि किंमत दोन्ही लिहितो, सोबत ऊर्जेचा दाखला असतो, आणि तिसरा कागद विकणाऱ्यानं स्वतः भरायचा प्रश्नांचा. घर बाजारात आणताना रिपोर्ट बारा आठवड्यांहून जुना चालत नाही. प्रश्नही गमतीचे वाटावेत इतके साधे आहेत: गाडी कुठे लावता, खोल्यांची मोडतोड करून काही बदल केलेत का, आग-पूर-वादळाचं काही नुकसान झालं होतं का, शेजाऱ्यांबरोबर सामायिक खर्च कशाचा होतो. घरात राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतं असं हे सगळं.

तर इंग्लंडची फाइल जशीच्या तशी गोव्यात आणा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे छप्पर गळतं की नाही हे बघायला रिपोर्ट कशाला? जुलैत एकदा घर पाहून यावं. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही ते वेगळंच: हे घर नक्की कोणाकोणाचं आहे.

चुलतभावाचं उदाहरण देतो, त्याची परवानगी आहे. डिचोली तालुक्यात वडिलोपार्जित घर, चौकीचं, मागे थोडं भाट, म्हणजे माडांची बाग. घरात गेली कित्येक वर्षं तोच राहतो, घरपट्टी तोच भरतो, विजेचं बिल त्याच्याच नावावर. त्यामुळे घर आपलंच, अशी त्याची प्रामाणिक समजूत. एक-चौदाचा, म्हणजे सर्व्हेतल्या जमीन नोंदीचा, उतारा काढला तर कब्जेदाराच्या रकान्यात आजोबा आणि धाकटे काका, दोघेही केव्हाच गेलेले. मी म्हटलं, आधी कागद घे आणि आजोबांपासून खाली सगळ्यांची नावं लिही, जिवंत-मृत सगळ्यांची, आणि प्रत्येकापुढे नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव लिही. त्यानं पहिल्या खेपेला फक्त पुरुष लिहिले. आत्यांचं काय, म्हटलं. "त्या लग्न होऊन गेल्या की!"

इथेच बाहेरून घर घ्यायला येणारे, आणि आपलेही पुष्कळजण, ठेचकाळतात. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून लागू आहे आणि 1961 नंतरही तो राहिला. मुलगी-मुलगा समान वारस, हे त्यात पहिल्यापासून. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, माहेरून वारशानं आलेलीसुद्धा. म्हणून विधवा ही आधीच अर्ध्याची मालकीण असते, उरलेल्या अर्ध्यापासून मुलांचा वारसा सुरू होतो. आणि म्हणूनच दस्तावर बहिणीच्या सहीखाली भावोजींची सही लागते. "भावोजींचा काय संबंध?" हा प्रश्न मी ऑफिसात इतक्यांदा ऐकलाय की शेवटी शेवटी टाइप करता करताच उत्तर देत असे.

चुलतभावाची वंशावळ कागदाच्या दोन्ही बाजू भरून गेली. उताऱ्यावर नावं दोन, सह्या लागणार एकोणीस. एक आत्या पेडण्याला दिलेली, एक कुंकळ्ळीला. दोघी गेल्या, त्यांची मुलं आहेत, मुलांच्या बायका आहेत, एक नातू इंग्लंडात. वाईटपणा कोणाशीच नाही, चतुर्थीला सगळे त्याच घरी जमतात. पण घर विकायचं हे त्यांतल्या निम्म्यांना दलालाच्या फोटोंवरून कळलं! विचारायला हवं होतं ते आधी विचारलं असतं तर होकार चहाबरोबर मिळाला असता. आता प्रत्येकाकडे समजूत काढायला जावं लागतंय.

वारस ठरवायचे तर स्पेशल नोटरीकडे वारसाचा दस्त, म्हणजे डीड ऑफ सक्सेशन, किंवा वाटण्या करायच्या असतील तर कोर्टात इन्व्हेंटरी. 2012 चा जो गोवा वारसा कायदा डिसेंबर 2016 पासून अमलात आला, त्यात ही रीत आहे. यात महिने जातात. आगाऊ रक्कम घेऊन, करारात मुदत घालून मग याला लागायचं, म्हणजे स्वतःच्या हातानं घड्याळ लावून घेणं.

नुसत्या एक-चौदावर भागत नाही, हेही लोकांना पटत नाही. ती नोंद कायदा उलट पुरावा येईपर्यंत खरी धरतो, पण नोंद म्हणजे मालकीहक्क नव्हे. मूळ दस्त शोधावा लागतो. जुन्या घरांचा पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीतला दाखला निघतो, तो पोर्तुगीजमध्ये, त्याचं भाषांतर करून घ्यायचं. त्यात आजोबांच्या नावात 'सिनाय' हे जुनं उपनाम असतं, सर्व्हेच्या उताऱ्यात सिनाय गळून पडलेलं असतं, बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर आडनाव तिसऱ्याच तऱ्हेनं लिहिलेलं असतं. तिन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. असली प्रतिज्ञापत्रं मी किती टाइप केली असतील, देव जाणे.

कागद धूळ खात ठेवण्याचा धोका विकणाऱ्यालाच जास्त. परदेशी असलेल्या किंवा मेलेल्या मालकांच्या जमिनी खोटे जुने दस्त करून विकल्याची इतकी प्रकरणं निघाली की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, पाठोपाठ निवृत्त न्यायाधीशांचा आयोगही. ज्यांच्या घरात कोणी वर्षानुवर्षं उतारा काढून पाहिलेला नव्हता, अशांनाच हे सोपं सावज होतं.

मग मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीनं घर करून राहणारा. चुलतभावाच्या भाटात एका कडेला जुन्या गड्याच्या मुलाचं घर आहे. दलालाच्या फोटोंत ते येत नाही, कॅमेरा मुद्दाम दुसरीकडे वळवलेला दिसतो. 1975 च्या मुंडकार कायद्यानं त्या माणसाला घरातून काढता येत नाही, आणि पंचायतीच्या हद्दीत घरासकट 300 चौरस मीटरपर्यंतची जागा तो विकत मागू शकतो. मी म्हटलं, हे पहिल्या दिवशी सांग. चुलतभाऊ म्हणाला, "सगळं आधीच सांगितलं तर भाव पाडतील."

पाडतील ना! वकिलाला कळल्यावरही पाडतीलच, फक्त तेव्हा आगाऊ रक्कम खर्च झालेली असते आणि आवाज चढलेले असतात. शिवाय न सांगण्याची मुभा कायद्यात मुळातच नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं, की मालमत्तेतला किंवा मालकीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला सहज शोधून सापडणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. घेणाऱ्यानं मागितले की मालकीचे दस्त दाखवायचे, प्रश्नांची ठाऊक असलेली उत्तरं द्यायची, हेही त्याच कलमात. म्हणजे सक्ती गोव्यातही कित्येक दशकं आहेच, फॉर्म तेवढा कोणी छापला नाही. रेरा आला तो 2016 मध्ये, पण तो बिल्डरच्या प्रकल्पांसाठी. तुमचं-आमचं जुनं घर त्यात येत नाही.

फ्लॅटवाल्यांनी हसू नये. ऑक्युपन्सीचा दाखला कुठे आहे आणि बिल्डरनं सेल डीड केलं की नुसत्या ॲग्रीमेंटवर किल्ली दिली, एवढे दोनच प्रश्न त्यांना विचारतो. पुष्कळांचं हसू तिथेच थांबतं. घरपट्टीची पावती पुढे करतात; ती कर भरल्याचा पुरावा, बांधकाम कायदेशीर असल्याचा नव्हे.

माझं ऐकलं तर जाडजूड पॅक नको. स्कॉटलंडसारखा दोन पानी प्रश्नांचा कागद करावा, विकणाऱ्यानं सही करून जाहिरात देण्याआधी दलालाकडे ठेवावा. पहिल्या पानावर वंशावळ, नवरा-बायकोंच्या नावांसकट. दुसऱ्यावर बाकीचं: मूळ दस्त कोणता, बोजा आहे का, कूळ-मुंडकार आहे का, वाट कोणाच्या जमिनीतून येते, विहिरीवर आणखी कोणाचा हक्क, घराची वाढवलेली खोली परवान्यात आहे का, जमीन कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामायिक मालकीची, तर नाही, देवळाचा काही मान त्या घराकडे आहे का. हा शेवटचा प्रश्न इंग्लंड-स्कॉटलंडात कोणी विचारणार नाही. पण आमच्याकडे शिगम्याला पालखी ज्या आंगणात थांबते, ते आंगण नव्या मालकानं कुंपण घालून बंद केलं की सगळा गाव उठतो, आणि त्याला मात्र हे कोणी सांगितलेलंच नसतं.

चुलतभावाची यादी आता बरीच पुढे गेलीय. पेडण्याची मंडळी तयार आहेत. कुंकळ्ळीचे एकजण म्हणतात विकू नका, मीच घेतो. त्यांचं बोलणं चालू आहे, आणि मला विचाराल तर हेच बरं होईल. इंग्लंडातल्या नातवाचं मुखत्यारपत्र यायचं आहे. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, म्हणून त्याला सांगितलंय की बाकीच्यांच्या सह्यांचा दिवस ठरेपर्यंत पाठवू नकोस. दलाल मला दोनदा फोन करून गेला. त्याला वंशावळीची झेरॉक्स पाठवून दिली.