पान रुजलं म्हणजे रोप झालं असं नाही

मनीप्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तरी पंधरा-वीस दिवसांत मुळं फुटतात. फोटो लगेच ग्रुपवर जातो. वर्षभरानं बघा, पान तेच, मुळं भरपूर, वेलाचा पत्ता नाही. मनीप्लांटचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, खोडाच्या पेरावर असतो. पेराचा तुकडा सोबत नसेल तर कोंब येणार कुठून?

पानफुटीला ही अडचण नाही. तिच्या पानाच्या कडेला खाचा असतात आणि खाचेत डोळा आधीच तयार असतो. पान झाडावर असेपर्यंत तो सहसा गप्प राहतो, पान तुटलं की जागा होतो. भिंगातून पाहिलं तर आधी खाचेत हिरवा ठिपका, मग केसासारखी मुळं आणि समोरासमोर दोन इवली पानं दिसतात. पान जाड, पूर्ण वाढलेलं घ्या, कोवळं सडतं. ओल्या रेतीवर सपाट ठेवा, पुरू नका. पान वाकलेलं असेल तर मधोमध खडा ठेवा, खाचा रेतीला टेकल्या पाहिजेत. रोपं दिसली की उपटायची घाई नको, मूळच्या पानातल्या साठ्यावरच ती पोसतात. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्यावर वेगळी करा. आणि दावणीजवळ लावू नका. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना बाधते.

आपल्याकडे घोळ होतो तो मातीचा. कपाशीला लाख चांगली असलेली काळी माती पाणी धरून बसते आणि कापलेलं पान बुडापासून काळं पडतं. त्यापेक्षा चाळून धुतलेली जाड रेती दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग. शेणखत अजिबात नको. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या झळांत, मुळं यायच्या आतच पान सुरकुततं. पाऊस सुरू झाला की करा, पण पत्र्याखाली किंवा ओसरीत.

स्नेक प्लांटचे ७-८ सेंमीचे तुकडे करताना खालच्या टोकाला तिरका काप द्या, म्हणजे खाली-वर कळतं. उलटा खोवलेला तुकडा रुजत नाही. काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मगच २-३ सेंमी खोल खोवा. मुळांना महिना-दीड महिना लागतो, कोंबाला आणखी दोन-तीन महिने. पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर रोप साधं हिरवं येतं, कारण नवा कोंब आतल्या हिरव्या थरातून निघतो. काठ हवा असेल तर गड्डा फोडूनच लावा.

रंगीत पानांच्या रेक्स बेगोनियात डोळा आयता नसतो, जखमेजवळच्या पेशी तो नव्यानं घडवतात. पान पालथं करून जाड शिरांवर ब्लेडनं काप द्या, मग तोच भाग खाली करून रेतीवर ठेवा आणि काप टेकलेले राहतील अशा बेतानं खडे ठेवा. वर प्लास्टिकचा पारदर्शक डबा झाका, दिवसातून एकदा उघडून वाफ जाऊ द्या. मुळं फुटावीत म्हणून लावतात ती रूटिंग पावडर भरपूर चोपडली तर मुळं वाढतात, कोंब मात्र अडून राहतो.