पोरीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचं किट, आणि गच्चीवरची टाकी

आमची लेक २०१६ ची, म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यातली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी, आणि मी तिला कुशीत घेऊन टीव्हीवर ते बघत होते. सांगायचं कारण असं की आमच्या घरात पाण्याचा विषय रोजचाच. नळ कधी सुटेल, हौद भरला का, मोटार कोण बंद करणार, टाकी वाहून चालली का. लेकरू हेच ऐकत मोठं झालं.

आता ती नऊ वर्षांची हाय आणि हाताला लागेल ते उघडून बघती. रिमोट उघडला, टॉर्च उघडली, भिंतीवरचं बंद घड्याळ उघडलं. तिचे पप्पा म्हणाले हिला ते इलेक्ट्रॉनिक्सचं किट घेऊन देऊ, म्हणून मागच्या दिवाळीत आम्ही ऑनलाईन एक मागवलं, डब्याचा फोटो बघून. फोटो लई भारी होता. आत प्लास्टिकचे रंगीत ठोकळे, शर्टाच्या टिचबटनासारखे एकमेकांत बसणारे, आणि सोबत पुस्तिका, की हा तुकडा इथं लाव, तो तिथं लाव. पोरीनं एका रविवारी सगळे प्रयोग संपवले. पंखा उडला, दिवा लागला, भोंगा वाजला. मग एक ठोकळा हातात धरून मला विचारती, "मम्मी, पण ह्याच्या आत काय हाय?" ठोकळा पक्का बंद, उघडतच नव्हता. सोमवारी तो डबा पलंगाखाली गेला तो गेलाच.

ते किट वाईट नव्हतं. पाच-सहा वर्षांच्या लेकरासाठी मी आजही तसलंच सुचवीन, कारण तुकडे मोठे असतात, तोंडात जायची भीती कमी, आणि सर्किट पूर्ण झालं की दिवा लागतो एवढं त्यातून पक्कं कळतं. पण ज्या लेकराला आतलं बघायचंय त्याला बंद ठोकळा देऊन कसं भागणार? हे मला तिच्या त्या एका प्रश्नानं कळलं.

मग लातूरच्या गंजगोलाईच्या बाजूला एक जुनं पार्टचं दुकान हाय तिथं तिला घेऊन गेले. दुकानवाल्या काकांना म्हणलं, "ओ काका, हिला शिकायचंय, तयार किट नको, सुटं सामान द्या." काकांनी माझ्याशी न बोलता तिलाच विचारलं, "काय बनवायचंय बाळा?" ती म्हणली, "टाकी भरल्यावर वाजणारं." त्यांनी कागदाच्या पुड्या बांधायला सुरुवात केली. एक ब्रेडबोर्ड, म्हणजे सुटे पार्ट खोचून सर्किट जोडायचा भोकाभोकांचा बोर्ड, लाल-हिरवे एलईडी, रेझिस्टर, बीसी ५४७ नावाचे चार-पाच ट्रान्झिस्टर, एक बझर म्हणजे भोंगा, उजेड ओळखणारा एक एलडीआर, ९ व्होल्टची बॅटरी, तिची टोपी, तारा, आणि व्होल्ट, करंट मोजायचा एक साधा पिवळा मल्टिमीटर. सगळं मिळून सहाशेच्या आत आलं, डब्यातल्या किटच्या निम्म्यात.

घरी आल्या आल्या तिनं एलईडी सरळ बॅटरीला लावला. क्षणभर लख्ख पेटला, लालचा नारंगी झाला, जळका वास आला आणि गेला. तिचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणलं असू दे, दोन रुपयाचा हाय, पण का गेला ते बघू. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, आपण दिले ९, मधे अडवणारं कोणीच नाही, म्हणून करंट बेसुमार गेला. ते अडवायचं काम रेझिस्टरचं. आणि मला वाटतं त्या जळलेल्या एलईडीनं तिला जे शिकवलं ते पुस्तिकेच्या शंभर प्रयोगांनी शिकवलं नसतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, किट असं घ्या ज्यातली वस्तू जळली तरी आई-बाप ओरडणार नाहीत, आणि गल्लीतल्या दुकानात दुसरी मिळेल. डब्यातला एखादा खास तुकडा हरवला की सगळा डबाच बाद, तसं नको.

रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात, त्यांना ती बांगड्या म्हणती. त्यावरून तो करंट किती अडवतो ते कळतं, ते ओहममध्ये मोजतात. नारंगी, नारंगी, तपकिरी म्हणजे ३३० ओहम. तपकिरी, काळा, लाल म्हणजे १०००. पुस्तिका सगळ्या इंग्रजीत असतात आणि ही झेडपीच्या शाळेत मराठीत शिकती, म्हणून आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर रंगांचा तक्ता मराठीत लिहून काढला. ब्रेडबोर्डाचं मात्र तिला आधी कळेना. भोकं सगळी सारखीच दिसतात, पण मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात. तिनं मल्टिमीटर बीपवर ठेवून, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो, एकेक भोक तपासलं, कुठं वाजतं कुठं नाही, आणि पेनानं बोर्डावरच रेघा मारल्या. मल्टिमीटर लेकराला लवकर द्या, खरंच सांगते. तारेतून काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही ना, मग त्याला कान तरी पाहिजेत.

टाकीचं सर्किट तिला जमायला चार संध्याकाळी लागल्या. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात, सपाट बाजू आपल्याकडं धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पाण्यातल्या दोन तारांमधून अगदी थोडा करंट बेसला पोचतो, आणि तेवढ्यावर ट्रान्झिस्टर बझरला लागणारा जास्तीचा करंट सोडतो. आधी तिनं कलेक्टर-एमिटर उलटे लावले होते, वाजेचना. मग स्वयंपाकघरात वाट्या मांडून बसली. फिल्टरच्या पाण्यात तारांची टोकं जेमतेम बुडवली तर आवाज बारीक, बोअरच्या पाण्यात जोरात. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यातून वीज सहज जाते, हे तिला आवाजावरून कळलं, मग फिल्टरच्या वाटीत तिनं स्वतःहून चिमूटभर मीठ टाकून बघितलं. आमच्याकडं जड पाण्याला सगळे नावं ठेवतात, पोरगी म्हणती माझ्या अलार्मला हेच पाणी चांगलं!

महिनाभरानं बझर वाजायचा बंद झाला. तारा वर काढल्या तर बॅटरीच्या प्लसकडची तार हिरवी पडून खाल्ल्यासारखी झाली होती, दुसरी बरी होती. पाण्यातून करंट गेला की प्लसकडचं तांबं झिजतं. आता तिथं स्टीलचे स्क्रू लावलेत आणि ते पार वरच्या कडेला, म्हणजे टाकी भरल्यावरच पाणी लागतं. आणि हे फक्त वापरायच्या पाण्याच्या टाकीत हाय, पिण्याच्या हौदात असलं काही सोडू नका.

दोन गोष्टी मात्र मी कडक ठेवल्यात. घरातल्या बोर्डाला, म्हणजे २३० व्होल्टच्या लाईनीला हात लावायचा नाही, चार्जर उघडायचा नाही, जुन्या मोबाईलची फुगलेली बॅटरी तर अजिबात नाही. दुसरं, बटणासारखे चपटे सेल. बरीच छोटी किटं त्याच सेलवर चालतात. तो सेल लहान लेकरानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. आमच्याकडं जावेचं लेकरू रांगतंय, म्हणून तसलं किट मी घरातच येऊ दिलं नाही. तुमच्या घरात तान्हं असंल तर सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का एवढं तरी बघून घ्या.

बरेच जण विचारतात डायरेक्ट आर्डुइनो, म्हणजे कॉम्प्युटरवरून कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड, का नाही घेतला. घेईन की, पण आत्ता नाही. त्याच्यात कोड दुसऱ्याचा उतरवून टाकला की दिवा लुकलुकतो, आणि लेकराला वाटतं झालं, पण दिव्याला रेझिस्टर का लावला ते तसंच राहतं. सहावीपासून बऱ्याच शाळांत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, असती, तुमच्या जवळच्या शाळेत हाय का विचारून ठेवा, बोर्ड हाताळायला मिळाला तर घरी घ्यायची घाईच नाही.

परवा पहाटे साडेचारला पाणी सुटलं, मोटार लावली, आणि टाकी भरल्यावर बझर असा काही ओरडला की आज्जी दचकून उठून बसल्या. "काय गं माय, काय वाजायलंय?" तर आता पोरगी म्हणती, आज्जीची झोप मोडती, बझर काढून तिथं लाल एलईडी लावू, मम्मीला खिडकीतून दिसंल असा. काल रात्री वहीत मांडत बसली होती, ९ मधून २ गेले ७, आणि एलईडीला १५ मिलीअँपिअर करंट धरला तर रेझिस्टर किती ओहमचा. मग पुड्या उपसून बांगड्या शोधायला लागली. पिवळी, जांभळी, तपकिरी.